‘अ’, ‘ॲन’, ‘द’ आणि मंगळवार पेठेतल्या दोन खोल्या

कोल्हापुरातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायचं ठरलं आणि इंग्रजीत माहितीपत्रक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मजकूर किरकोळच. अंबाबाईच्या देवळाकडे कसं जायचं, नाष्टा किती वाजता, पन्हाळ्याची गाडी कुठून मिळते. इंग्रजी वाचायला मला काही अडत नाही, पण लिहिताना प्रत्येक नामापाशी गाडी थांबायची. इथं ‘अ’, की ‘द’, की काहीच नको? शाळेतले आर्टिकलचे नियम पाठ होते, पण ते सगळे गाळलेल्या जागा भरायचे. इथं जागा कुठं गाळलीय हेच आधी शोधायचं होतं.

आमच्या गल्लीत इंग्रजीचे एक निवृत्त सर राहतात. कागद घेऊन गेलो, तर त्यांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, “मुलगी बघायला गेलो आणि मुलीला बघायला गेलो, यात फरक काय?”

म्हटलं, “पहिल्यात स्थळ बघायला. दुसऱ्यात मुलगी कोण ते आधीच माहीत आहे. आजारी-बिजारी असेल.”

“मग येतंय की तुला आर्टिकल! मराठीत नाही म्हणून रडतात सगळे. आपण ते काम कधी ‘ला’कडून करून घेतो, कधी ‘तो-ती-ते’कडून, कधी ‘एक’कडून. इंग्रजानं त्यासाठी वेगळा माणूस ठेवलाय, एवढंच.”

त्यात तथ्य आहे. ‘ॲन’ हे मुळात ‘वन’चंच जुनं रूप, व्यंजनापुढे त्यातला ‘न’ गळून ‘अ’ उरला. ‘द’ही जुन्या इंग्रजीतल्या ‘तो-ती-ते’सारख्या दर्शक शब्दातून आलेलं. हा ‘न’ मोठा गमतीशीर. ‘ॲप्रन’ हा शब्द आधी ‘नॅप्रन’ होता. ‘अ नॅप्रन’ म्हणता म्हणता लोकांनी त्याचा ‘न’ उचलून अलीकडे चिकटवला.

मग एकच प्रश्न हाताशी ठेवला: पाहुण्याला कुठला ते कळणार आहे का? पत्त्याचा परिच्छेद त्यावरच बसला. ‘यू विल सी अ टेम्पल. टर्न लेफ्ट ॲट द टेम्पल.’ तो पहिल्यांदाच येतोय, त्याला आमच्या कोपऱ्यावरचं देऊळ काय माहीत? म्हणून आधी ‘अ’, आणि एकदा दाखवलं की ‘द’. पण ‘द किचन’, ‘द टेरेस’ हे पहिल्याच उल्लेखात चाललं, कारण घरात स्वयंपाकघर एकच आणि गच्चीही एकच. फोनमधलं व्याकरण तपासणारं ॲप इथं फार उपयोगाचं नाही. आमच्या घराला गच्च्या किती, हे त्याला कुठून कळणार?

‘अ’ की ‘ॲन’ याला वेळ लागला नाही. अक्षर बघायचं नाही, कानाला विचारायचं: ‘ॲन अवर’, ‘अ युनिव्हर्सिटी’. आणि एसटीचा उच्चार ‘ए’नं सुरू होतो, म्हणून ‘ॲन एसटी बस’.

काहीच न लावायची जागा मात्र चिवट निघाली. ‘ब्रेकफास्ट इज ॲट एट’ यात काही नको, पण वहिनींची मिसळ खाल्लेला पाहुणा ‘अ हेवी ब्रेकफास्ट’ म्हणणार, कारण मागे विशेषण आलं. ‘बाय बस’, ‘ऑन फूट’ कोरडेच. ‘लगेज’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’ मोजता येत नाहीत, त्यांना ‘अ’ चालत नाही. गुळालाही नाही, पण गुळाचा रवा, म्हणजे ढेप, मोजता येतो, म्हणून ‘अ ब्लॉक ऑफ जॅगरी’. चपलेपाशी वेगळाच घोळ. ‘अ कोल्हापुरी चप्पल’ म्हटलं तर एकाच पायातली होते, दोन्ही हव्यात तर ‘अ पेअर’. सगळ्या चपलांबद्दल बोलायचं तर अनेकवचन करून मोकळं सोडायचं. आणि 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते त्या प्रकाराला, तिथं ‘द कोल्हापुरी चप्पल’.

खरा वेळ गेला विशेषनामांत. ‘विशेषनामाला आर्टिकल नाही’ हे शाळेतलं वाक्य कोल्हापूर, पन्हाळा, बिंदू चौक इथपर्यंत ठीक. पंचगंगेशी आलं की संपलं. नद्यांना ‘द’ लागतं, त्यामुळं कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, पाचही जणींना लावलं. पर्वतरांगांनाही लागतं: ‘द वेस्टर्न घाट्स’. ‘पन्हाळा फोर्ट’ला नाही, पण मध्ये ‘ऑफ’ आला की ‘द फोर्ट ऑफ पन्हाळा’. विद्यापीठांचं तसंच. 1962 मध्ये सुरू झालेलं आपलं ‘शिवाजी युनिव्हर्सिटी’ बिनआर्टिकलचं, आणि ‘द युनिव्हर्सिटी ऑफ’ म्हणून सुरू होणारी सगळी ‘द’वाली. 1884 मध्ये बांधून झालेला ‘द न्यू पॅलेस’ घ्या. लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसला ‘द’ नाही, आमच्याला आहे. ‘न्यू’ हे साधं विशेषण, नवा राजवाडा जगात कुठलाही असू शकतो, तेव्हा ‘तो’ म्हणून बोट दाखवावं लागतं. हे एवढं मला पटतं. नद्यांच्या बाबतीत कारण शोधत बसलो नाही, पाठ केलं.

शेवटी पेन्सिलनं प्रत्येक नामाभोवती गोल केला आणि एकेका गोलाला तोच प्रश्न विचारत गेलो. कंटाळवाणं काम, पण दोन पानांचाच मजकूर होता. सरांनी वाचून एकच बदल सुचवला: ‘द ओनर्स लिव्ह डाउनस्टेअर्स’च्या जागी ‘वी लिव्ह डाउनस्टेअर्स’. नामच काढून टाकलं की आर्टिकलची भानगड नाही.

छापायला दिलं तर ऑपरेटरनं पंचगंगेचं बघून रंकाळ्यालाही आपणहून ‘द’ लावलं. म्हटलं, “ते काढ. नदीला लागतं, तळ्याला लागत नाही.”

“का? तळ्यानं काय घोडं मारलंय?”

“माहीत नाही. पण काढ.”

त्यानं काढलं आणि दोनशे प्रती छापल्या.