तिसरं पाणी

ओरेगॉनमधल्या आमच्या गॅरेजात महिन्यातून एक शनिवार बियर बनवायचा असतो, आणि माझा मॅश टन, म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजवायचं भांडं, म्हणजे काय तर पिकनिकला नेतात तसला 20 लिटरचा कूलर, तळाला जाळी, बाजूला तोटी. 5 किलो भरडलेला बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि 14 लिटर गरम पाणी घातलं की झाकण जेमतेम लागतं. 66 डिग्रीला तासभर ठेवलं की स्टार्चची साखर होते, इथपर्यंत सोप्पंय.

मग तोटी सोडली की गोड पाणी बाहेर येतं किती, तर 9 लिटर! बाकीचं धान्याने पिऊन टाकलेलं, किलोमागे लिटरभर. आणि उकळायला मला हवं 25 लिटर, म्हणजे आणखी 16 लिटर पाण्याने धान्यात अडकलेली साखर धुवून काढायची, हेच ते स्पार्जिंग. ऐसपैस टनवाले वरून रिमझिम पाणी सोडत तास-तास बसतात, माझ्याकडे ना तेवढी जागा ना तेवढा धीर, त्यात 16 लिटर एकदम मावतही नाही, म्हणून 8-8 लिटर दोनदा. ओतायचं, ढवळायचं, दहा मिनिटं थांबायचं, सुरुवातीचं गढूळ पाणी एक जग भरून परत वर घालायचं आणि मग सोडायचं.

सोलकढीच्या घरात वाढलेल्याला यात नवीन काही नाही. नारळाचं पहिलं दूध दाट, दुसरं पातळ, आणि तिसऱ्यांदा पिळायला लागलो की आजी हातातून चोथा काढूनच घ्यायची.

गॅरेजात आजी नव्हती. एकदा हावेपोटी तिसरं पाणी घातलं, तेही उकळतं, आणि सगळं एकाच भांड्यात. दीड महिन्याने बाटली उघडली तर पत्ती रटारटा उकळलेल्या चहासारखी जीभ खरखरीत! साखर संपत आली की पीएच चढतो, म्हणजे पाण्याचा आंबटपणा कमी होतो, 6 च्या वर गेला आणि पाणी फार गरम असलं की टरफलातलं टॅनिन उतरतं. इंग्लंडातले जुने ब्रूअर तरी शहाणे, शेवटच्या पाण्याची वेगळी हलकी बियर करायचे, ‘स्मॉल बियर’.

आता पाणी 76 डिग्रीच्या पुढे नेत नाही आणि पाण्यात साखर किती ते सांगणारा हायड्रोमीटर 1.010 दाखवायला लागला (नुसतं पाणी 1.000) की तोटी बंद, मग भांडं भरलेलं असो नसो, साधं पाणी घालून भरतो. बायको म्हणते मोठा कूलर घे की. घेईन, पण आधी हा दहा किलो ओला चोथा शेजारच्यांच्या कोंबड्यांपर्यंत उचलून न्यायचाय, कंबर आत्ताच बोलतेय.