युरा, आसामा, क्योतो: एका फुंकरीची वारी

जपानमधल्या युआसा स्टेशनवर सकाळी उतरलो तेव्हा आम्ही सहा जण होतो आणि सहाही जणांच्या सॅकमधून एकेक लांबट कापडी पिशवी वर डोकावत होती. पिशवीत शाकुहाची. जपानी बांबूची बासरी, पण आपल्या बासरीसारखी आडवी नाही, उभी धरायची, वरच्या टोकाला तिरका काप असतो त्याच्या कडेवर फुंकर मारायची. पुढे चार भोकं, मागे अंगठ्याला एक, बास एवढंच. नाव पण मापावरूनच पडलंय. शाकु हे लांबीचं जुनं जपानी माप, त्याच्या दहाव्या भागाला 'सून' म्हणतात, आणि हाची म्हणजे आठ. एक शाकु आणि आठ 'सून', मिळून 54.5 सेंटिमीटर.

मी मूळची मिरजेची. सतारमेकर गल्लीवरून शाळेत जायचे, पंढरपूरकडून आलेले भोपळे तिथे दारात वाळत ठेवलेले असायचे, त्यामुळे वाद्य म्हणजे आधी कुठलं तरी झाड किंवा वेल असते हे डोक्यात पक्कं बसलेलं. नोकरीसाठी ओसाकाला आले आणि चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा शाकुहाची हातात घेतली तेव्हा सगळ्यात आधी तिचं खालचं टोक बघितलं. मादाके जातीचा बांबू मुळासकट खणून काढतात, मग वर्षानुवर्षं वाळवतात, आणि बासरीच्या खालच्या टोकाला मुळं छाटल्याच्या गोल गोल खुणा तशाच राहतात. ते बघूनच मी शिकायचं ठरवलं.

यंदा नोव्हेंबरच्या शेवटी आमचे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणाले, चला, किचिकुच्या वाटेनं जाऊन येऊ.

किचिकु कोण ते सांगायला हवं. जुनी कथा अशी आहे की चीनमध्ये थांग राजांच्या काळात फुके नावाचा एक वेडा वाटावा असा साधू घंटा वाजवत फिरायचा, त्या घंटेच्या नादावर वेडावलेल्या एकानं तो नाद बांबूत आणला, आणि पुढे कित्येक पिढ्यांनी काकुशिन नावाचा जपानी भिक्षू 1249 मध्ये चीनला गेला, तिथे ते वादन शिकला आणि 1254 मध्ये परत आला. त्याचा मठ म्हणजे वाकायामा प्रांतातल्या युरा गावचं कोकोकु-जी. किचिकु हा त्याचा शिष्य. तो युराहून निघाला, इसे या तीर्थक्षेत्राजवळच्या आसामा डोंगरावर एक रात्र देवळात जागला, तिथे त्याला स्वप्नात दोन सुरावटी ऐकू आल्या, आणि शेवटी तो क्योतोला पोचला, तिथे म्योआन-जी हे देऊळ उभं राहिलं. इतिहासकार ही कथा खरी धरत नाहीत, तिचा बराचसा भाग एडो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, रचलेला आहे असं म्हणतात आणि त्यांचे पुरावे चांगले आहेत. पण आळंदीला जाऊन आपण भिंत बघतोच ना, आणि हात लावून नमस्कार पण करतो. मला यात काही विसंगती वाटत नाही. इतक्या लोकांनी ही कथा मनात धरून फुंकर मारलीय की वाट खरी झालेलीच आहे.

सगळं अंतर चालत नाही केलं, मधले मोठे पल्ले ट्रेननंच. पण तीन ठिकाणी पायी जायचं, आणि तिन्ही ठिकाणी वाजवायचं, हे ठरलेलं.

पहिला दिवस युआसावरून. हे सोया सॉसचं गाव, जुन्या गल्ल्यांमध्ये अजून वास येतो. तोही धागा काकुशिनचाच, कारण चीनहून येताना तो मिसो करायची पद्धत घेऊन आला असं मानतात आणि त्या मिसोच्या पिंपातून जे पाणी सुटायचं त्यातून पुढे सोया सॉस निघाला. त्या मिसोला किनझानजी मिसो म्हणतात, त्यात वांगं, आलं, काकडीसारखं फळ वगैरे असतं आणि भाताबरोबर तोंडी लावायला घेतात, आपल्या लोणच्याच्या जागी. सेन्सेईंनी सगळ्यांसाठी भाताचे गोळे आणलेले आणि आत तेच भरलेलं.

गाव सोडलं की पुढे कुमानो कोदो लागतो, कुमानोच्या देवस्थानांना जायचा शेकडो वर्षांचा जुना यात्रामार्ग. दोन्ही बाजूला संत्र्याच्या बागा, झाडं लगडलेली, रस्त्याकडेला माणूस नसलेल्या टपऱ्या, पिशवी उचलायची आणि डब्यात पैसे टाकायचे. मग चढ सुरू होतो तो शिशिगासे खिंडीचा. या भागातला सगळ्यात दमवणारा चढ हाच, आणि जुनी फरसबंदी अजून शिल्लक आहे, दगडांवर शेवाळ, ओली पानं, पाय जपून टाकावा लागतो. शिशिगासे हे नाव ज्या चित्रलिपीत लिहितात त्यातलं पहिलं अक्षर हरणाचं. आणि शाकुहाचीवर एक फार जुनी रचना आहे, 'शिका नो तोने', म्हणजे लांबून येणारी हरणांची साद. ती दोघांनी वाजवायची असते, एकानं हाक द्यायची, दुसऱ्यानं ओ द्यायची.

खिंडीच्या अलीकडे सेन्सेई थांबले. आमच्यातल्या एका सुतारकाम करणाऱ्या दादांना त्यांनी वरच्या वळणापलीकडे पाठवलं आणि स्वतः खालीच उभे राहिले. कोणी कोणाला दिसत नव्हतं. खालून पहिली साद गेली. बराच वेळ काही नाही. मग वरून झाडांतून उत्तर आलं, आणि ते इतकं लांबून आल्यासारखं वाटलं की ते दादा दोनशे पावलांवरच आहेत हे मी विसरूनच गेले. क्लासमध्ये हीच रचना मी कितीदा ऐकली होती, दोघं शेजारी शेजारी बसून वाजवायचे, चांगलं वाटायचं. पण तिच्यात मधलं अंतरही असतं, ते अंतरसुद्धा वाजवायचं असतं, हे त्या दगडांवर उभं राहिल्यावर कळलं. माझे डोळे भरून आले, मी ते पुसले पण नाहीत.

खाली पलीकडच्या बाजूनं उतरून किइ-उचिहारा स्टेशन गाठलं, तिथून युराला एकच स्टेशन मागे. पाय प्रचंड दुखत होते.

कोकोकु-जीला दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. शांत, झाडांमधलं, एका बाजूला तेनगुचा म्हणजे लांब नाकाच्या डोंगरी भुताचा केवढा तरी मोठा मुखवटा ठेवलेलं एक छोटं देऊळ आहे. जपानमध्ये शाकुहाचीचा उगम इथला असं मानतात, म्हणून देशोदेशीचे वाजवणारे इथे येतात. आमच्यातल्या दोघांनी इथे कोमुसोचा वेश घातला. कोमुसो म्हणजे शून्याचे भिक्षू. डोक्यावर वेताच्या टोपलीसारखं तेनगाई, ते हनुवटीपर्यंत येतं, चेहरा पूर्ण झाकला जातो, गळ्यात झोळीऐवजी एक चपटी पेटी. एडो काळात हेच लोक दारोदार बासरी वाजवून भिक्षा मागत फिरायचे, बरेचसे धनी गमावलेले सामुराई, आणि शाकुहाची वाजवायचा हक्क त्यांनाच होता. 1871 मध्ये मेइजी सरकारनं त्यांचा फुके पंथच बंद केला. बासरी मात्र राहिली, वाद्य म्हणून.

पण मुळात ती वाद्य म्हणून नव्हतीच. सुइझेन असा शब्द आहे, फुंकरीचं ध्यान. बसून मौन धरायच्या ऐवजी फुंकायचं. रोज सकाळी आम्हाला रो लावायला सांगतात, रो म्हणजे सगळी भोकं बंद करून निघणारा खालचा स्वर, एका श्वासात एक रो, मग परत श्वास, परत रो. गाणाऱ्यांची खर्जाची साधना असते तसंच, फक्त इथे पुढे राग येत नाही, कित्येक दिवस रोच असतो. मला सुरुवातीला याचा फार राग यायचा. बासरीवर भजनं वाजवणारी मुलगी मी, बोटं चालायला हवीत असं वाटायचं. जपानी लोक म्हणतात मान हलवायला शिकायला तीन वर्षं, बोटांचा कोरो स्वर यायला आठ. माझी चारच झालीयेत.

कोकोकु-जीमध्ये सगळ्यांनी मिळून 'क्योरेई' वाजवलं. क्योरेई म्हणजे रिकामी घंटा, फुकेच्या घंटेची आठवण. तीन सगळ्यात जुन्या मानल्या जाणाऱ्या रचनांतली ही पहिली आणि तंत्राच्या दृष्टीनं सगळ्यात सोपी, जवळजवळ सगळे लांब स्वरच. सोपी म्हणूनच लपायला कुठे जागा नाही. माझा श्वास दोनदा मधेच तुटला.

त्या रात्री ट्रेननं इसेला पोचलो, आणि तिथे माझ्या हातून चूक झाली. वाजवून झाल्यावर बासरी पुसून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची असते म्हणजे ओल एकदम उडत नाही. मी दमले होते, तशीच उशाशी ठेवली आणि रात्रभर हीटर चालू. सकाळी उचलली तर वरच्या बाजूला केसासारखी बारीक रेघ. फुंकून बघितलं, रो लागेचना, हवा निसटत होती. मी काहीच बोलले नाही, नुसती बासरी पुढे केली. सेन्सेई रागावले नाहीत. त्यांनी सुतारदादांकडे बघितलं, त्यांनी सॅकमधून तागाचा दोरा काढला आणि तीन जागी इतका घट्ट गुंडाळला की बोटं लाल झाली त्यांची. बांबू आहे, तडकणारच, एवढंच म्हणाले. रो परत आला. थोडा घोगरा, पण आला.

आसामा चढताना मी बासरी पिशवीत न ठेवता जॅकेटच्या आत धरली होती. किन्तेत्सु रेल्वेच्या आसामा स्टेशनपासून जुनी वाट वर जाते, दर चो अंतरावर म्हणजे साधारण 109 मीटरवर एक दगड, तो मोजत मोजत चढायचं. मधे एका जागी 1944 मध्ये बंद पडलेल्या केबल कारचा जुना मार्ग आडवा येतो, आता नुसतं रान माजलंय. इकडे एक म्हण आहे की इसेला गेलात तर आसामालाही जा, नाहीतर यात्रा अर्धीच. वर कोंगोशो-जी, मुख्य मंदिराचं नाव मानी-देन, मानी म्हणजे आपला मणीच, 1609 मध्ये परत बांधलेलं. देव कोकुझो.

देवळाबाहेरून आईला फोन केला. तिनं विचारलं, "कुठला देव गं तिथला?" मी म्हटलं, कोकुझो, म्हणजे आकाशगर्भ बोधिसत्त्व. ती म्हणाली, "अगं मग सरळ आकाशगर्भच म्हण की." आणि खरंच, मंत्र ऐकला तर 'आक्याशा क्यारबाया' असं काहीतरी कानावर येतं आणि शेवटी 'सोवाका', म्हणजे आपलं स्वाहा. इतक्या लांब येऊन जिभेवर वळण बदललेली संस्कृत ऐकताना अंगावर काटा आला.

किचिकुला स्वप्न पडलं ते इथे. तो होडीत बसून चंद्र बघतोय, धुकं उतरतं, चंद्र झाकला जातो आणि धुक्यातून बासरी ऐकू येते. मग ती थांबते, धुकं दाटून घट्ट होतं आणि त्यातून आणखी एक सूर येतो. जागा झाल्यावर त्यानं ते वाजवून बघितलं, गुरूंना ऐकवलं, गुरूंनी नावं दिली, 'मुकाइजी' म्हणजे धुक्याच्या समुद्रातली बासरी, आणि 'कोकू', रितं आकाश. कोकू आणि कोकुझो, दोन्हींत तेच आकाश. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र धुकं अजिबात नव्हतं, लख्ख ऊन, खाली तोबाची बेटं समुद्रात विखुरलेली स्पष्ट दिसत होती. सेन्सेईंनी परवानगी घेऊन 'कोकू' वाजवलं. सत्तरी उलटलेला माणूस, चढून आलेला. श्वास पूर्वीसारखा लांब राहिला नाहीये, हे आम्हा सगळ्यांना माहितीय. त्यांनी ते लपवलं नाही, जिथे श्वास संपला तिथे स्वर संपू दिला, थांबले, पुढचा घेतला. त्या थांबण्यात समुद्रावरचा वारा ऐकू येत होता.

आदल्या दिवशी युराला माझा श्वास तुटला म्हणून मी रात्री उशिरापर्यंत स्वतःवर चिडून होते, त्या चिडीतच बासरी उघडी टाकून झोपले होते. ते मला तिथे, त्या दगडी पायरीवर बसल्यावर लक्षात आलं.

शेवटचा मुक्काम क्योतो. म्योआन-जी तोफुकु-जी या मोठ्या देवळाच्या आवारात आहे, आणि नोव्हेंबरअखेर तोफुकु-जी म्हणजे लाल मेपल बघायला आलेली माणसंच माणसं, पुलावर पाय ठेवायला जागा नाही. बाजूच्या म्योआन-जीत मात्र चारदोन जण. म्योआन म्हणजे उजेड आणि अंधार, फुके जे म्हणत फिरायचा त्यातून घेतलेलं नाव, उजेड आला तर उजेडाला ठोका, अंधार आला तर अंधाराला ठोका. पंथ बंद झाल्यावर इथली परंपरा पण मोडल्यातच जमा होती, 1890 मध्ये म्योआन क्योकाई ही संस्था उभी राहिली तेव्हा तिला परत धुगधुगी आली. आवारात एक दगड आहे, त्यावर कोरलंय, सुइझेन.

देवापुढे एकेकानं वाजवायचं. हे सादरीकरण नसतं, अर्पण असतं, श्रोत्यांकडे पाठ करून बसायचं, झाल्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही. माझा नंबर चौथा. मी दोरा गुंडाळलेली बासरी घेतली, क्योरेईच. बाहेरून गर्दीचा आवाज येत होता, कोणीतरी लहान मूल रडत होतं, लाउडस्पीकरवर रांगेच्या सूचना चाललेल्या. पहिला रो लावला, घोगरा लागला. दुसरा पण. तिसऱ्याला श्वास मधेच संपला आणि मी तो संपू दिला. मूल अजून रडत होतं. मी श्वास घेतला आणि पुढचा स्वर लावला.

संपल्यावर वाकून नमस्कार केला आणि बाजूला सरकून बसले. बासरी पुसली, पिशवीत घातली, पिशवीचं तोंड नीट बांधलं. तोवर ऑस्ट्रेलियाहून आलेल्या ताई पुढे जाऊन बसल्या होत्या आणि त्यांची फुंकर सुरू झाली होती.