आधी वर्गणीचा हिशोब दे

आज २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपल्या अभ्यासिकेतला एक पोट्टा उभा राहिला अन् नळयोजनेचा खर्च विचारला, तर मागून एक काका म्हणे, "पहिले तुमच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशोब दे बे!"

सगळे हसले. मले वाटलं झालं, बसते आता हा.

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला अन् वाचाले लागला, मंडप, डीजे, महाप्रसादाची तूरडाळ, अन् शेवटी "चहाचे ९० रुपये, पावती नाही, ते मी भरतो." मग परत पाण्याचाच प्रश्न, तोच, आवाज न चढवता.

काका चूप. सचिव फाईल चाळाले लागले.

आपण पोरांले भाषण करणं शिकवतो, शिबिरं घेतो (चहा-पोह्यासहित), पण गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात लोकं आधी अभ्यासगटात बसून विषय समजून घेतात, मग ग्रामसभेत सगळ्यांच्या संमतीनं ठरवतात, २००९ मध्ये त्या गावाले सामूहिक वनहक्क (आपलं जंगल गावानं मिळून वापरायचा अन् सांभाळायचा हक्क) मिळाला तो काही वाढदिवसाचे बॅनर लावून नाही मिळाला.

२६ जानेवारीले आणखी दोघातिघांले उभं करू म्हणतो. तुमच्याकडे पोट्टे ग्रामसभेले येतात का, का फक्त सतरंज्याच टाकतात?