तीच जागा, तीच चौकट

घरून फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो. "या रविवारी काही दिसलं का? फोटो टाक की ग्रुपवर." आम्ही कॅनडातल्या कॅल्गरीत राहतो. इथून रॉकी डोंगरांतलं बॅन्फ राष्ट्रीय उद्यान जेमतेम एकशे तीस किलोमीटर, त्यामुळे पहाटे डबा भरून निघायचं आणि रात्री घरी परतायचं, हे उन्हाळाभर सहज जमतं. दिसतंही पुष्कळ. एल्क या मोठ्या हरणांचे कळप, वळलेल्या शिंगांची रानमेंढरं, लांबच्या उतारावर कधी एखादं काळं अस्वल. ते फोटो ग्रुपवर जातात, लगेच अंगठेही येतात.

पण आमच्या घरात सगळ्यात जिव्हाळ्याचे फोटो वेगळेच आहेत. त्यात प्राणी नसतो किंवा असला तर नखाएवढा असतो. दरवर्षी त्याच ठिकाणी उभं राहून, तीच चौकट धरून आम्ही डोंगराचे फोटो काढतो. एकेकटा पाहिला तर त्या फोटोत काही विशेष वाटणार नाही. ओळीनं मांडले की मात्र नजर हटत नाही.

आइसफिल्ड्स पार्कवे हा लेक लुईसहून जॅस्परकडे जाणारा २३२ किलोमीटरचा रस्ता. बो लेक यायच्या जरा आधी डावीकडे क्रोफूट हिमनदी दिसते. एके काळी तिला कावळ्याच्या पायासारखी तीन बोटं होती, आता दोनच उरलीत. सगळ्यात खालचं बोट विसाव्या शतकात गळून पडलं. मुलांना जुना फोटो दाखवून "तिसरं बोट कुठे होतं, शोधा" म्हटलं की ती खडकांवर ती जागा बरोबर दाखवतात. पुढे अथाबास्का हिमनदी लागते. तिच्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर वर्षांचे आकडे लिहिलेल्या खुणा आहेत: अमुक साली बर्फाचं टोक इथे होतं. गेल्या सव्वाशे वर्षांत ती दीड किलोमीटरहून जास्त मागे गेली आहे. आकडा वाचणं वेगळं आणि धाकट्याचा हात धरून एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत चालणं वेगळं. आपण जन्मलो त्या सालापासून पुढे अजून बरंच चालावं लागतं.

हे करायला महागडा कॅमेरा लागत नाही, चिकाटी लागते. मागच्या वर्षीचा फोटो कागदावर छापून बरोबर घ्यायचा. जवळचा एखादा न हलणारा खडक निवडायचा आणि त्याच्या मागची खिंड किंवा सुळका त्याच्याशी एका रेषेत येईपर्यंत डावी-उजवीकडे सरकायचं. अशा दोन जोड्या जुळल्या की तुम्ही अगदी जुन्याच जागी उभे असता. जीपीएसपेक्षा ही रीत मला जास्त भरवशाची वाटते. लेन्स तीच, झूमही तेवढाच. वेळ साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पहिला आठवडा, कारण तोवर हिवाळ्यातला बर्फ उतरलेला असतो आणि हिमनदीचं खरं अंग उघडं पडतं. मे महिन्यात काढलेल्या फोटोत सगळंच पांढरं. कागद धरून "बाबा, अजून थोडं डावीकडे" सांगायचं काम लेकीचं. ते ती कुणालाही देत नाही.

ही रीत आम्हाला एका कुटुंबाकडून मिळाली, तेही १८८७ सालच्या. फिलाडेल्फियाची मेरी व्हॉक्स आणि तिचे भाऊ जॉर्ज आणि विल्यम हे वडिलांबरोबर नव्या रेल्वेनं या डोंगरांत सहलीला आले. रॉजर्स पास या घाटाजवळच्या ग्लेशियर हाउस या रेल्वेच्या हॉटेलातून थोडं चाललं की इलेसिलेवेट हिमनदी गाठता यायची. त्यांनी फोटो काढले. १८९४ मध्ये पुन्हा आले तेव्हा बर्फ मागे हटलेला त्यांच्या लक्षात आला. मग भावंडांनी चंगच बांधला. खडकांवर खुणा केल्या, जागा ठरवल्या आणि पुढच्या उन्हाळ्यांत येऊन तिथूनच फोटो घेतले, अंतरं मोजली. विल्यम १९०८ मध्ये वारला, तरी मेरीनं काम सोडलं नाही. कॅनडातल्या हिमनद्यांच्या पद्धतशीर अभ्यासाची सुरुवात या भावंडांपासून मानतात. ते फोटो आज बॅन्फच्या व्हाइट म्युझियममध्ये जपलेले आहेत. पावसाळी दिवशी डोंगर दिसेनासे झाले की आम्ही तिकडे वळतो.

व्हिक्टोरिया विद्यापीठाचा माउंटन लेगसी प्रकल्पही हेच काम मोठ्या प्रमाणावर करतो. जुन्या सर्वेक्षकांनी नकाशे बनवण्यासाठी शिखरांवरून काढलेले काचेच्या प्लेटांवरचे फोटो घेऊन अभ्यासक त्याच शिखरांवर चढतात आणि तोच देखावा पुन्हा टिपतात. अशा जुन्या प्लेटा एक लाखाहून अधिक आहेत. त्यांच्या जोड्या पाहताना हिमनद्यांइतकंच जंगल कसं बदललं तेही दिसतं. पूर्वीची मोकळी कुरणं आता झाडांनी भरली आहेत.

आता प्राण्यांकडे येतो, कारण त्याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. ताडोब्यात आपण जिप्सीत बसतो, बरोबर गाईड असतो, गाडी कुठे थांबवायची ते तो बघतो. इथे गाडी आपली आणि गाईड कुणी नाही, म्हणून शिस्त आपणच पाळायची. राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या पार्क्स कॅनडाचा नियम असा: हरीण, एल्क, मूस, रानमेंढरांपासून तीस मीटर, अस्वल, लांडगा, कायोटी, कूगर यांच्यापासून शंभर मीटर. खायला घालणं हा गुन्हा आहे, दंड पंचवीस हजार डॉलरपर्यंत होऊ शकतो. रस्त्याकडेला अस्वल दिसलं की गाड्यांची रांग लागते, लोक दारं उघडी टाकून धावतात. आम्ही तिथे थांबत नाही. मुलांना काचेतून जेवढं दिसलं तेवढं दिसलं.

२०२४ च्या जूनमध्ये नकोडा गेली. ती पांढरट केसांची ग्रिझली अस्वलाची मादी, लेक लुईस आणि योहोच्या भागातली, फार दुर्मिळ. तिच्यासाठी महामार्गाच्या एका पट्ट्यात गाडी थांबवायला बंदी होती, पार्कची माणसं पाळत ठेवून होती. तरी तिची दोन्ही पिल्लं आणि पाठोपाठ तीही गाड्यांच्या धडकेनं गेली. आमच्या घरी त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही.

म्हणूनच बॅन्फमधले ते झाडाझुडपांचे पूल मला या भागातलं सगळ्यात सुंदर बांधकाम वाटतं. ट्रान्स-कॅनडा महामार्गाला दोन्ही बाजूंनी ८२ किलोमीटर कुंपण आहे आणि प्राण्यांना ओलांडायला ६ पूल आणि ३८ भुयारी वाटा आहेत. या व्यवस्थेनं प्राण्यांना होणारे अपघात ऐंशी टक्क्यांहून अधिक कमी झाले. पुलाखालून जाताना मुलं वर बघून हात हलवतात.

अंतर राखल्यानं फोटोचं नुकसान होतं, हे मला मान्य नाही. तीस मीटरवरून ४०० मिलिमीटरच्या लेन्सनं एल्कचा चेहरा भरून येतो, पण तसा चेहरा प्राणिसंग्रहालयातही मिळेल. मी लेन्स मागे घेतो. सप्टेंबरात नर एल्क शीळ घातल्यासारखे ओरडतात, गारठ्यात त्यांच्या तोंडातून वाफ निघते, मागे पिवळी पडलेली ॲस्पनची झाडं आणि त्यावर माउंट रंडलची तिरकी भिंत. एल्क त्यात लहान दिसतो, पण तो कुठे राहतो ते कळतं. वीस वर्षांनी हाच फोटो बोलेल, कारण त्यात नदी आहे, झाडं आहेत, डोंगरावरचा बर्फ कुठवर होता तेही आहे.

मुलांसाठी खरा आनंद पायकाचा. मुठीएवढा, गोल कानांचा, सशाच्या कुळातला हा प्राणी मोरेन लेकजवळच्या दगडांच्या राशीत राहतो. उन्हाळाभर गवत-फुलं तोंडात धरून आणतो आणि दगडांखाली वाळवून हिवाळ्याची बेगमी करतो. दगडावर गप्प बसून राहिलं की आधी चिर्रर्र आवाज येतो, मग तो दिसतो. सात वर्षांच्या मुलाच्या हाती साधा कॅमेरा द्या, तो जमिनीलगतच असतो, त्याची चौकट आपल्यापेक्षा सरस येते. मोरेन लेकला २०२३ पासून खासगी गाड्या नेता येत नाहीत, शटलचं आरक्षण आधी करावं लागतं. मला हा निर्णय फार आवडला.

ट्रेलवर अस्वलाला आपली चाहूल लागावी म्हणून मोठ्यानं बोलत चालायचं असतं. आमच्याकडे त्यासाठी पाढे आहेत. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा, माझ्या पट्ट्याला आणि बारा ते एकोणीस मुलांच्या तोंडी. आजी-आजोबा आले की पावकी-निमकीही होते. त्यांना चढण झेपत नाही, त्यांच्यासाठी व्हर्मिलियन लेक्स, बॅन्फ गावाजवळची तीन तळी. गाडीतून उतरलं की समोर पाणी आणि त्यात रंडलचं प्रतिबिंब, पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा. तिसऱ्या तळ्याकाठी कोमट झरे आहेत, तेवढा भाग हिवाळ्यातही गोठत नाही.

हिवाळ्यात येणाऱ्यांसाठी थोडं. उणे पंचवीसमध्ये बॅटरी बघता बघता उतरते, दुसरी आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा. कॅमेऱ्याला बर्फ करडा दिसतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, एक ते दीड स्टॉप (कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप) वाढवा. परतल्यावर कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून मग घरात आणा, नाहीतर आतून दव धरतं. आणि निळंहिरवं पाणी बघायचं असेल तर जुलै-ऑगस्ट. हिमनदीनं दळलेलं दगडाचं पीठ वितळत्या पाण्याबरोबर उतरतं तेव्हा तो रंग चढतो. मेमध्ये वरची तळी बहुधा गोठलेलीच असतात.

एक मागणं आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत कॅनडाला येऊन गेलेले काका, मामा, आत्या बऱ्याच घरांत आहेत आणि अथाबास्का हिमनदीपुढे स्वेटर घालून उभं राहिल्याचा एखादा फोटो त्यांच्या अल्बममध्ये असतोच. तो मला पाठवा. माणसांच्या मागे खडक दिसत असतील तर मी ती जागा शोधून काढीन आणि तिथून आजचा फोटो काढून तुम्हाला पाठवीन. स्कॅन करताना दोन्ही बाजू करा, मागे लिहिलेली तारीख हवी आहे.