'अ‍ॅज अ मॅटर ऑफ फॅक्ट' म्हणजे 'खरं तर'च ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: अर्धं उत्तर 'हो' आहे. शब्दकोशात 'खरं तर', 'वास्तविक' असेच अर्थ सापडतात आणि ते चूक नाहीत. पण आपलं 'खरं तर' फार काही सामावून घेतं. 'खरं तर मला जरा काम होतं' यात संकोच आहे, 'खरं तर तिनं यायला हवं होतं' यात तक्रार आहे, 'खरं तर काय बोलावं तेच कळत नाही' यात हतबलता आहे. या तिन्ही ठिकाणी 'अ‍ॅज अ मॅटर ऑफ फॅक्ट' बसत नाही. त्याला दोन गोष्टी लागतात. आधी कुणीतरी काही बोललेलं किंवा गृहीत धरलेलं असावं, आणि पाठोपाठ पडताळून पाहता येईल अशी माहिती यावी.

ती माहिती आधीचं बोलणं खोडून काढते किंवा त्याच्यावर कडी करते. 'तुम्ही बिल भरलं नाहीत' असं कुणी म्हटलं, तर 'अ‍ॅज अ मॅटर ऑफ फॅक्ट, आय पेड इट ऑन मंडे' हे झालं खोडणं. 'पुणं माहीत आहे का?' या प्रश्नाला 'यस. अ‍ॅज अ मॅटर ऑफ फॅक्ट, आय वॉज बॉर्न देअर' ही झाली कडी. नुसतं माहीतच नाही, जन्मच तिथला! इथे मराठीत आपण 'अहो, माझा जन्मच तिथला' म्हणू. 'खरं तर' म्हणणारही नाही.

म्हणून 'अ‍ॅज अ मॅटर ऑफ फॅक्ट, आय थिंक...' अशी सुरुवात मला खटकते. पुढे मत येणार असेल, तर वस्तुस्थितीचा हवाला कशाला? मतासाठी 'टु बी ऑनेस्ट' किंवा नुसतं 'आय थिंक' घ्या. संकोचाच्या 'खरं तर'ला 'अ‍ॅक्चुअली' जवळचं आहे. कडी करायची असेल, तर 'इन फॅक्ट' तेच काम कमी शब्दांत करतं. लेखी इंग्रजीत मी तेच सुचवेन.

या शब्दांचा हा काटेकोरपणा न्यायालयातून आलेला आहे. इंग्लंडच्या कायद्यात काय घडलं हा 'मॅटर ऑफ फॅक्ट', आणि त्याला कोणता नियम लागू होतो हा 'मॅटर ऑफ लॉ'. जिथे ज्युरी असे, तिथे पहिला प्रश्न ज्युरीकडे आणि दुसरा न्यायाधीशाकडे. ही विभागणी आपल्याकडेही आहे: दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १०० प्रमाणे उच्च न्यायालयातलं दुसरं अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालतं. पुरावा पाहून खालच्या न्यायालयांनी ठरवलेली वस्तुस्थिती तिथे सहसा पुन्हा उकरली जात नाही.

रचनेत बदल चालत नाही. 'अ‍ॅज द मॅटर ऑफ फॅक्ट', 'मॅटर ऑफ फॅक्ट्स', मधला 'अ' गाळलेलं 'अ‍ॅज मॅटर ऑफ फॅक्ट' ही तिन्ही रूपं चूक. वाक्याच्या सुरुवातीला आलं तर पुढे स्वल्पविराम, मध्ये आलं तर दोन्ही बाजूंना. बोलताना जोर शेवटच्या 'फॅक्ट'वर. बाकीचे शब्द भरभर जातात. मात्र त्या 'फॅक्ट'वर फार जोर पडला की समोरच्याला गप्प केल्यासारखं वाटतं. वरिष्ठांची चूक दाखवायच्या ईमेलमध्ये हा वाक्प्रचार टाळा. 'बिल सोमवारी भरलं आहे, पावती सोबत जोडली आहे' इतकंच इंग्रजीत लिहिलं की पुरतं.

'मॅटर-ऑफ-फॅक्ट' हे जोडरेघा असलेलं विशेषण मात्र वेगळं. त्याचा खऱ्या-खोट्याशी संबंध नाही, तो सुराशी आहे. डॉक्टरांनी गंभीर आजाराची बातमी 'इन अ मॅटर-ऑफ-फॅक्ट टोन' दिली, म्हणजे भावना न दाखवता, सरळ सांगितली. हे कौतुकही असू शकतं आणि कोरडेपणाचा ठपकाही. कोणतं ते आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरवावं लागतं.