भुसा ओढणारा ब्लोअर: कवच दुसऱ्यांदा बांधलं

मागचं कवच गोल होतं आणि इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, बरोबर मध्यावर बसवला होता. वारा यायचा, पण १०० मिलिमीटरच्या पाइपातून रंध्याचा भुसा निम्म्या वाटेवर बसायचा. पाती हवेला गरगर फिरवून बाहेर फेकतात, मध्यभागी दाब कमी होतो आणि तिथून नवी हवा आत येते, इथवर ठीक होतं. पण फेकलेल्या हवेचा वेग हळूहळू कमी होऊन त्याचा दाब व्हायला हवा, आणि ते काम रुंदावत जाणाऱ्या कवचाचं. गोल कवचात तो वेग नुसता वाया जात होता.

या वेळी १२ मिलिमीटर प्लायवुडमध्ये शंखाच्या वळणाचं कवच केलं. इम्पेलर तोच, ३०० मिलिमीटरचा, सरळ ८ पात्यांचा. मागे झुकलेल्या पात्यांना वीज कमी लागते, पण भुशासाठी मला सरळ पातीच बरी वाटतात, त्यांवर काही चिकटून राहत नाही.

जीभ, म्हणजे हवा बाहेर पडते तिथली कवचाची आतली कड, आधी इम्पेलरपासून फक्त ६ मिलिमीटरवर ठेवली होती. चालू करताच कानात घुसणारी शिट्टी! मिनिटाला २८५० फेरे म्हणजे सेकंदाला ४७.५, गुणिले ८ पाती, ३८० हर्ट्झ. प्रत्येक पातं जिभेजवळून जाताना हवेला धक्का देत होतं. जीभ गोलसर घासून २० मिलिमीटर मागे घेतली. शिट्टी जवळजवळ गेली, दाब किंचितच उतरला.

तरी तोंड बंद करून यू-नळीत, म्हणजे दाब मोजायच्या पाण्याच्या वाकड्या नळीत, पाणी ७० मिलिमीटरच चढत होतं. दोन संध्याकाळी गळती शोधली. शेवटी लक्षात आलं, मोटर उलटी फिरतेय. हा ब्लोअर उलटा फिरला तरी वारा त्याच तोंडातून येतो, म्हणून शंकाच आली नाही. जोडणी बदलली आणि पाणी थेट ११८ मिलिमीटरवर! नव्याने बांधणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी कवचावर बाण काढून ठेवावा.

मोटरचा विद्युतप्रवाह क्लॅम्प मीटरवर मोजला: पाइप मोकळा असताना ४.६ अँपिअर, तोंड झाकल्यावर ३.१. हवा वाहत नाही म्हणून भार उतरतो. पुली बदलून वेग १.२ पट करायचा मोह होतोय, दाब १.४४ पट होईल, पण भार १.७३ पट. मोटर तेवढी नाही. त्याआधी हवा आत येते त्या तोंडाला गोलाई देऊन बघतो.