घरच्या संगणकावर गोफर सर्व्हर

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मार्क मकॅहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली गोफर हा प्रोटोकॉल, म्हणजे इंटरनेटवर मेनूंमधून मजकूर शोधून वाचण्याची नियमावली, तयार केला आणि मार्च १९९३मध्ये आरएफसी १४३६ या दस्तऐवजात त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी विद्यापीठाने सर्व्हरसाठी परवाना शुल्क आकारण्याचे जाहीर केले, तर वेबचा जन्म जिथे झाला त्या सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने वेबचे तंत्र सर्वांना विनाशुल्क खुले केले. पुढे जग कोणत्या बाजूला गेले हे सांगायला नको. तरीही दादरच्या माझ्या घरी रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकावर गोफर सर्व्हर चालू आहे, कारण ज्याचे सगळे व्यवहार एकट्या माणसाला पहिल्यापासून शेवटपर्यंत समजू शकतात, असा सर्व्हर मला हवा होता.

हे व्यवहार खरोखरच थोडे आहेत. वाचणारा सर्व्हरच्या ७० क्रमांकाच्या पोर्टवर (जोडणीसाठी ठरलेल्या दारावर) जोडणी करून एक ओळ पाठवतो, सर्व्हर मजकूर किंवा मेनू परत पाठवतो आणि जोडणी बंद होते. मेनूच्या प्रत्येक ओळीतले पहिले अक्षर प्रकार सांगते: ० म्हणजे मजकूर, १ म्हणजे दुसरा मेनू, ७ म्हणजे शोध. त्यानंतर वाचकाला दिसणारे नाव, सर्व्हरवरचा पत्ता, यजमान संगणकाचे नाव आणि पोर्ट हे चार भाग टॅबने वेगळे केलेले असतात. मेनूच्या शेवटी स्वतंत्र ओळीवर एक पूर्णविराम येतो. कुकी नाही, स्क्रिप्ट नाही.

अडचणी येतात त्या आजूबाजूच्या आधुनिक व्यवस्थेमुळे. लिनक्सवर १०२४च्या खालचे पोर्ट साध्या वापरकर्त्याला उघडता येत नाही आणि इंटरनेटवरून येणाऱ्या कोणाशीही बोलणारा प्रोग्राम रूटच्या, म्हणजे संगणकावर काहीही करू शकणाऱ्या मुख्य वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालवणे मला मुळीच मान्य नाही. म्हणून पोर्ट सिस्टमडी ही लिनक्समधल्या सेवा सुरू करणारी व्यवस्था उघडते आणि प्रत्येक जोडणीसाठी कमी अधिकारांचा एक छोटा प्रोग्राम सुरू करते. तो एक ओळ वाचतो, उत्तर लिहितो आणि संपतो. मुंबईतल्या अनेक घरगुती जोडण्यांप्रमाणे माझ्याही जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता नाही, अनेक ग्राहक मिळून एकच पत्ता वापरतात, त्यामुळे बाहेरून येणारा थेट घरापर्यंत पोहोचूच शकत नाही. यावर स्वतःचा सार्वजनिक पत्ता असलेला भाड्याचा एक छोटा सर्व्हर घेऊन तिथून घरापर्यंत वायरगार्डचा बोगदा, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी जोडणी, टाकला.

देवनागरीचा प्रश्न मात्र मुळातला आहे. हा प्रोटोकॉल लिहिला गेला तेव्हा इंग्रजी आणि युरोपीय लिप्याच डोळ्यांसमोर होत्या आणि मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे आकड्यांत साठवण्याच्या पद्धतीत) आहे हे सांगायला उत्तरात जागाच ठेवलेली नाही. मी सर्व फायली यूटीएफ-८ या जगातल्या बहुतेक लिप्या सामावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये ठेवतो. मेनूतले नाव ७० अक्षरांच्या आत असावे अशी मूळ दस्तऐवजाची सूचना आहे. पण यूटीएफ-८मध्ये ‘क्ष’ हे एक जोडाक्षर नऊ बाइट घेते आणि बाइट मोजून ओळ कापणारा प्रोग्राम ते मधोमध तोडतो. म्हणून ओळी कुठे तोडायच्या हे सर्व्हरवर न सोडता मी फाइल जतन करतानाच ठरवतो, आणि तोडायचे ते फक्त शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर.

सध्या तिथे भरती-ओहोटीच्या वेळा, रविवारच्या मेगाब्लॉकची माहिती आणि माझी काही टिपणे आहेत. खासगी काहीही ठेवत नाही, कारण गोफरमध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवण्याची सोय, नाही आणि वाटेतला कोणीही मजकूर वाचू शकतो. वेबच्या पद्धतीने विनंती पाठवणारे बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम, मात्र येतात. सर्व्हर ती विनंती म्हणजे एखाद्या फाइलचा पत्ता समजतो, तशी फाइल सापडत नाही आणि प्रकार ३ची, म्हणजे त्रुटीची, एक ओळ पाठवून जोडणी बंद करतो.

फायरफॉक्सने २०११ साली चौथ्या आवृत्तीपासून गोफर काढून टाकले. लिंक्स (Lynx) हा टर्मिनलमधला, म्हणजे फक्त अक्षरे दाखवणाऱ्या खिडकीत चालणारा, ब्राउझर मात्र आजही गोफरचे पत्ते उघडतो आणि टर्मिनलचा फाँट नीट निवडला, तर मराठी मेनू त्यात वाचता येतो.